तिने सांगायचं जेवण

जे जेवण माझ्या बायकोने सांगायचं होतं, ते माझे मित्र माझ्या माघारी सांगून, खाऊन आणि हात धुऊन मोकळे झाले. मला कळलं तेव्हा चार महिने उलटून गेले होते. वर मलाच ऐकवतात, तुला त्रास नको म्हणून केलं.

आमची पद्धत सांगितल्याशिवाय माझा राग कुणाला कळायचा नाही, म्हणून आधी ती सांगतो.

आम्ही तीन जोडपी. मी लिफ्ट दुरुस्त करतो, त्यामुळे मला सगळे मिस्त्री म्हणतात. मास्तर शाळेत गणित शिकवतात. ड्रायव्हर बस चालवतो. पूर्वी आम्ही एकाच जिन्याला राहायचो, एकावर एक. मास्तर सगळ्यात वर, त्यामुळे पाणी त्यांच्याकडे सगळ्यात शेवटी पोचायचं आणि तक्रार त्यांच्याकडून सगळ्यात आधी यायची. पुढे ज्याने त्याने घरं बदलली, पण महिन्याच्या पहिल्या शनिवारी संध्याकाळी कोपऱ्यावरच्या हॉटेलात एकत्र जेवायचं, हे काही सुटलं नाही. हॉटेल लहान आहे, नऊ टेबलं. मालकीणबाई स्वतः वही-पेन घेऊन फिरतात. त्यांना सगळे मावशी म्हणतात.

पहिल्यांदा गेलो तेव्हा आम्ही माणसं सहा आणि मतं दहा. पाऊण तास झाला तरी काय मागवायचं ते ठरेना. शेवटी मावशीने आमच्या हातातली मेन्यूची कार्डं काढून घेतली आणि म्हणाल्या, एकाने बोला, बाकीच्यांनी खा. तेव्हापासून तेच चालू झालं. दर महिन्याला एकाचा नंबर. ज्याचा नंबर, त्याने सहाही ताटांचं सांगायचं. कुणाला काय, किती, कसं, सगळं. बाकीच्यांनी समोर येईल ते खायचं. अकरा वर्षं असं चाललं. नियम सांभाळायचं काम मास्तरांकडे, कारण नियम नसला की त्यांना अन्न पचत नाही.

आणि सगळ्यात मोठा नियम असा की नंबर बुडत नाही, थांबतो. वहिनी, म्हणजे ड्रायव्हरची बायको, बाळंतपणात अडकल्या तर त्यांचा नंबर तीन महिने थांबला होता. आम्ही मधल्या काळात जेवायला गेलो, पण ज्याला जे पाहिजे ते त्याने मागवलं. त्यांच्या जागी दुसऱ्या कुणी सांगितलं नाही.

माझी बायको हॉस्पिटलात गेली त्या महिन्यात तिचा नंबर होता.

तिला अन्ननलिकेचा आजार. शेवटचे सहा आठवडे तोंडावाटे पाण्याचा थेंब जात नव्हता, सगळं पोटात घातलेल्या नळीतून. आणि ती दिवसभर बोलायची ते जेवणाबद्दल. नर्स मला बाजूला घेऊन म्हणाली, विषय बदलत जा, त्यांना त्रास होईल. मी बदलला नाही. तिला त्रास होत नव्हता. ती एका दिवशी एक ताट ठरवायची. आज मास्तरांचं. दुसऱ्या दिवशी उठून म्हणायची, कालचं खोडा, मला नवीन सुचलंय. मला पाठ करायला लावायची आणि मध्येच परीक्षा घ्यायची. चुकलो की म्हणायची, लिफ्टमध्ये अशीच तार जोडता का.

एक दिवस म्हणाली, मी नसले तर तुम्ही सांगा. गॅस बंद केला का विचारावं तशा आवाजात म्हणाली. मग म्हणाली, "पण माझा नंबर म्हणून सांगा. तुमचा म्हणून नको. तुमच्या नंबरला तुम्ही सगळ्यांना बटाटेच खायला घालता."

हे तिचं माझ्याकडचं शेवटचं काम. दुसरं काही तिने मागितलं नाही.

ती गेल्यावर पाच महिने मी तिकडे फिरकलो नाही. दर महिन्याला मास्तरांचा फोन यायचा, मी पुढच्या वेळी म्हणायचो. त्या खुर्चीत बसून ते सगळं म्हणून दाखवायचं माझ्याने होईल असं वाटत नव्हतं. मग गेल्या शनिवारी दाढी केली, शर्टाला इस्त्री केली आणि गेलो. वाटेत सहाही ताटं तोंडातल्या तोंडात म्हणत होतो. सिग्नलवर एक बाई माझ्याकडे बघून दोन पावलं लांब झाली.

नेहमीचंच टेबल होतं, भिंतीकडचं. खुर्च्या पाच. सहावी त्यांनी आधीच उचलून शेजारच्या टेबलाला लावली होती आणि तिथल्या लोकांनी तिच्यावर पिशव्या ठेवल्या होत्या. मी बघितलं. म्हटलं, सुरुवातीलाच तोंड कशाला उघडायचं.

मास्तरांनी पाठीवर हात ठेवला. मास्तरीणबाई म्हणाल्या, बारीक झालात भाऊजी. (त्या कुठे शिकवत नाहीत, पण मास्तरांच्या बायकोला दुसरं काय म्हणणार.) ड्रायव्हरने त्याला मिळालेल्या नव्या बसचं सांगितलं, दरवाजे आपोआप लागतात आणि एकदा त्यात तिकीट तपासनीसच अडकला. हसलो आम्ही. मी म्हणालो, हिला हे सांगितलं असतं तर... आणि तेवढ्यात मास्तरांनी परीक्षेच्या पेपरांचा विषय काढला. थोड्या वेळाने मी पुन्हा तिचं काही बोललो, तर मास्तरीणबाईंनी मला पाण्याचा ग्लास भरून दिला. भरलेलाच होता, त्यात अजून ओतलं. रस्त्यात खड्डा दिसला की ड्रायव्हर जशी गाडी काढून घेतो, तसे ते सगळे मिळून तिला वळसा घालत होते. आधी ठरवून आले असणार.

मावशी वही घेऊन आल्या. मास्तर म्हणाले, "आज ड्रायव्हरचा नंबर."

मी म्हणालो, नाही, आज हिचा आहे. थांबलेला आहे.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. ड्रायव्हरने मान खाली घातली. आणि मग ते बाहेर पडलं, तुकड्यातुकड्याने, एक वाक्य याचं, एक त्याचं. ती गेली त्याच्या पुढच्या महिन्यात ते चौघं इथे जमले होते. तिच्या आठवणीसाठी. तिचा नंबर त्यांनीच लावला. तिला जे आवडायचं ते सगळ्यांनी मागवलं. एक ताट तिच्या जागी ठेवलं. मास्तर दोन शब्द बोलले. मला बोलावलं नाही, कारण मला त्रास झाला असता.

हे 'तुला त्रास नको' मी आता किती वेळा ऐकलं असेल. माझ्या बहिणीने तिसऱ्या दिवशी, मी झोपलेलो असताना, हिचे सगळे कपडे बांधून देऊन टाकले. तुला त्रास नको. साहेबांनी मला लिफ्टच्या शाफ्टमधल्या कामावरून काढून कोठारात स्क्रू मोजायला बसवलं. तुला त्रास नको. शेजाऱ्यांनी दारावरच्या पाटीवरचं तिचं नाव न विचारता खरवडून काढलं. तुला त्रास नको. प्रत्येक वेळी माझं काहीतरी जातं आणि ज्याने नेलं त्याला पुण्य लागतं. चोराचा निदान राग तरी धरता येतो. या लोकांचे वर आभार मानावे लागतात.

तरी मी आवाज चढवला नाही. विचारलं, काय मागवलंत त्या दिवशी?

मास्तरीणबाईंचे डोळे भरून आले. म्हणाल्या, "मशरूम. किती आवडीने खायची."

मी म्हणालो, "तिला मशरूम आवडायचे नाहीत."

मास्तर म्हणाले, मिस्त्री, आम्ही तिला अकरा वर्षं खाताना बघितलंय.

"अकरा वर्षं बघितलंत. एकदा विचारलं नाहीत."

झालं होतं असं. अगदी पहिल्या वर्षी मावशीने एकदा मशरूमची बशी आपणहून पाठवली. हिने शिष्टाचार म्हणून वा वा केलं. तेवढ्यावर तिच्या नावाने तो शिक्का बसला. मग ज्याचा नंबर असेल तो मोठ्या कौतुकाने हिच्यासाठी मशरूम सांगायचा. आणि समोर येईल ते खायचं ही पद्धत, त्यामुळे ही गप्प. घरी आल्यावर म्हणायची, जोड्याचा तळवा चावल्यासारखं लागतं हो. मी हसायचो. मीही कधी टेबलावर बोललो नाही, हे खरं आहे. तो राग माझा माझ्यावर आहे आणि तो मी घरी बसून करतो. पण तिच्या नंबरला, तिच्या नावाने, तिच्या जागी तेच ताट ठेवून हे लोक रडले, हे मला सहन होईना.

मी म्हणालो, नंबर थांबतो हा तुमचाच नियम आहे मास्तर. तुम्ही मुलीकडे दोन महिने राहिलात तर तुमचा थांबला होता. मग हिचा का नाही थांबला?

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. मग खाली बघून म्हणाले, "मिस्त्री, नंबर थांबतो तो परत येणाऱ्यासाठी."

मी उठलो. माझा हात टेबलाला लागला आणि मास्तरीणबाईंनी काठोकाठ भरलेला तो ग्लास सांडला. शेजारच्या टेबलावरची माणसं बघायला लागली. ड्रायव्हरने माझी बाही धरली. म्हणाला, बस रे. माझा नंबर घे तू. काय सांगायचंय ते सांग, आम्ही खातो ना.

"तुझा नको. मला तिचा पाहिजे."

"अरे पण एकच ना?"

एक नाही. ड्रायव्हर मनाने चांगला आहे, पण त्याला फरक कळेना. त्याने दिलेला नंबर म्हणजे त्याचा उपकार. तो घेऊन मी काय बोलणार होतो? तिने दया म्हणून मागितलं नव्हतं. तिचं होतं ते मागितलं होतं.

मास्तरही आता तापले. म्हणाले, ती काय तुझ्या एकट्याची गेली? आम्ही तिला वीस वर्षं ओळखत होतो. आम्हाला एक संध्याकाळ रडायचा हक्क नाही? मी म्हणालो, रडा की, पोटभर रडा, पण तुमच्या स्वतःच्या नंबरला रडा. मावशी वही छातीशी धरून उभ्या. जाता येईना, थांबता येईना.

तेव्हा इतका वेळ गप्प असलेल्या वहिनी बोलल्या.

"भाऊजी, बसा. ताई मशरूम खात नव्हत्या. मी खायचे त्यांचे."

कुणाला काही कळेना. मग वहिनींनी सांगितलं. दोघी कायम शेजारी बसायच्या. ताट आलं की पहिल्या दोन मिनिटांत, सगळे बोलण्यात असताना, हिचे मशरूम वहिनींच्या ताटात आणि वहिनींच्या ताटातलं जे काही असेल त्यातलं निम्मं हिच्या ताटात. अकरा वर्षं. वहिनींना मशरूम जिवापाड आवडतात आणि त्यांच्यासाठी ते कधी कुणी सांगितले नव्हते.

मी तिच्या दुसऱ्या बाजूला बसायचो. मला वाटायचं, बिचारी गिळते आहे. घरी आल्यावर मला ती जोड्याच्या तळव्याचं सांगायची, पण ही अदलाबदल तिने मला कधी सांगितली नाही. दोघींनी मिळून माझ्या नाकाखाली हे केलं.

मग मला वहिनींचाही राग आला. विचारलं, त्या दिवशी का नाही बोललात?

म्हणाल्या, "सगळे रडत होते भाऊजी. रडणाऱ्या माणसांना कसं सांगू की तुमचं ताट चुकलंय?" आणि पुढे म्हणाल्या, "त्यांच्या जागी ठेवलेलंही मीच खाल्लं. सवय होती हाताला."

मास्तरीणबाईंनी तोंडावर हात ठेवला. हसू आवरत होत्या की रडू, देव जाणे.

ड्रायव्हर एकदम सरळ बसला. म्हणाला, मास्तर, मागे एकदा पलीकडच्या टेबलाचं जेवण आपल्याकडे आलं होतं, आठवतंय? माझा नंबर होता. अर्धं खाऊन झाल्यावर कळलं. तेव्हा तुम्ही काय म्हणाला होतात?

मास्तरांना आठवत होतं. त्यांना सगळं आठवतं. पण तोंड वेडंवाकडं करून मनातल्या मनात हिशेब मांडत बसले. शेवटी म्हणाले, "ज्याचा नंबर त्याने सांगितलेलं ताट आलं नाही, तर तो नंबर धरत नाहीत."

"मग?"

"मग शिल्लक आहे."

पेपर तपासताना अर्धा मार्क वाढवून द्यावा तसं म्हणाले. मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. वीस वर्षांची ओळख, आणि माझ्या बायकोचं तिला द्यायला यांना नियमाचा आधार लागला. माझा नुसता शब्द पुरला नाही. पण नंबर तिचा होता, तिचा म्हणूनच परत मिळाला होता. रुसून घरी गेलो असतो तर तोही गेला असता. मी बसलो.

म्हणालो, आधी खुर्ची आणा.

मास्तर स्वतः उठले. शेजारच्या टेबलावरच्या लोकांची माफी मागून, त्यांच्या पिशव्या एकेक करून खाली ठेवून, त्यांनी खुर्ची आणली आणि माझ्या आणि वहिनींच्या मध्ये लावली. मावशीने वहीचं नवं पान काढलं.

मी सांगायला सुरुवात केली. पाठ होतं.

मास्तरांना अख्खी भाजलेली कोंबडी. अर्धी नाही, अख्खी. म्हणजे त्यांचा हात दुसऱ्याच्या ताटात जाणार नाही. असं तिनेच म्हटलंय, मी नाही. मास्तरीणबाईंना खेकडा, कवचासकट. फोडल्याचा आवाज मास्तरांना सोसत नाही म्हणून त्या कधी मागवत नाहीत. त्यांनी कडाकडा फोडून खायचा, मास्तरांनी हवं तर कान झाकायचे. ड्रायव्हरला वाफवलेला मासा, तेलाचा थेंब नको. कोलेस्टेरॉल वाढल्याचं तो बायकोपासून लपवतोय. इथे वहिनींनी नवऱ्याकडे बघितलं आणि ड्रायव्हर छताकडे बघायला लागला. मला शिजवलेली पालेभाजी. बटाटा कुठेही नको, रश्शातसुद्धा नको.

आणि वहिनींना मशरूम. दुप्पट. सगळे एकाच ताटात.

हे तिने हॉस्पिटलात सांगितलं तेव्हा मला कळलंच नव्हतं. मला वाटलं, औषधाच्या गुंगीत बोलते आहे, किंवा जाताना वहिनींची खोडी काढते आहे. दोनदा विचारलं तर चिडली. म्हणाली, मी सांगते तसं सांगा. आता वहिनी रुमालात तोंड खुपसून बसल्या होत्या.

मावशीचं पेन थांबलं. म्हणाल्या, आणि ताईंना?

"पाव. ताज्या पावाची कड, लोणी लावून. पण कडक पाहिजे. करकरीत."

बाकीची ताटं आली. पावही आला. मी अंगठ्याने दाबून बघितला. मऊ होता. मी मावशीला हाक मारली आणि म्हणालो, हा मऊ आहे, परत घ्या. मावशी म्हणाल्या, मिस्त्री, आमचा पाव असाच असतो. मी म्हणालो, तिला कडक हवाय.

दुसरा आला. गरम होता, पण दाबला की बसत होता. तोही परत दिला. मास्तर हळूच म्हणाले, असू दे आता, सगळ्यांची ताटं गार होतायत. मी म्हणालो, होऊ देत. ती सहा आठवडे त्या पावाच्या आवाजाबद्दल बोलत होती. मऊ आला तर तीनदा परत पाठवा म्हणाली होती. म्हणायची, मी कधी पाठवलं नाही, तुम्ही पाठवा, लाजू नका.

मावशी आत गेल्या. आतून त्यांचा आवाज ऐकू आला, मग भांडं आपटल्याचा. आम्ही पाचही जण समोरच्या ताटांकडे बघत बसून राहिलो. मास्तरांची कोंबडी चकाकायची थांबली. ड्रायव्हरच्या माशाची वाफ गेली. कुणी चमच्याला हात लावला नाही, आणि कुणी मला समजावलंही नाही.

तिसरा पाव मावशी स्वतः घेऊन आल्या. कड एका बाजूने जवळजवळ काळी झाली होती. मी दाबला. करकन मोडला आणि तुकडे टेबलभर उडाले.

मी तो तिच्या जागी ठेवला आणि म्हणालो, आता जेवा.